सुकाजीभाऊंची जर्मन पुस्तकं

सुकाजीभाऊ गेल्याची बातमी मला आरमोरीच्या शाळेत मिळाली, तीही आलापल्लीहून सागवान घेऊन आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून. श्रावण होता, नाले भरलेले. मी पोचलो तोवर राख सावडून झाली होती... याची चुटपुट अजून जात नाही.

मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेला हा माणूस पुढे आलापल्लीच्या लाकूड डेपोवर चौकीदार झाला. मी तिथल्या शाळेत होतो तेव्हा आम्ही शेजारी. गडी खवचट, साहेब आला तरी बिडी विझवायचा नाही. पण देवळीतली पत्र्याची पेटी उघडली की आवाज एकदम खाली यायचा. पेटीत जर्मन शिपायांची पुस्तकं होती, वर गरुडाचा छाप, आत फोटो. प्रत्येक शिपायाला हे पुस्तक खिशात बाळगावंच लागे. नाव, पगार, टोचलेल्या लशी, बुटांचा नंबर, सगळं त्यात. जिथे कुणी लढाईवरून परतलेला गडी आहे असं कळे, तिथे भाऊ मधाचं गाडगं घेऊन जात आणि त्याने आठवण म्हणून आणलेलं पुस्तक मागून आणत.

"दुश्मनाची पुस्तकं काऊन जमवता भाऊ?" मी एकदा विचारलं.

"पहिलं पुस्तक ज्याचं, त्याचे बूट मी घातले, मास्तर. माझे फाटले होते, तो मरून पडला होता. त्याच्या घरी ठावं बी नाई तो कुठी पडला. त्याले पाणी कोण देईन?"

म्हणून सर्वपित्रीला भाऊ प्रत्येक पुस्तकापुढे पळसाची पत्रावळ मांडत. मी रोमन अक्षरं लावून नावं वाचायची, त्यांनी भात-वड्याचा घास ठेवायचा. कुठली ती माणसं, आणि या जंगलात कोणी त्यांना नावानं जेवायला बोलावतं आहे!

मग एका सर्वपित्रीला वडशाचा एक जुना शिपाई पाहुणा आला. पत्रावळी आणि एका पुस्तकातला फोटो बघून तो हसलाच. "अरे, हा कुठी मेला? याले तं आम्ही कैद केलं होतं. मी सोता बिडी पाजली त्याले!"

भाऊंचा चेहरा उतरला. जित्या माणसाला पितरांचं पान वाढलं! आपल्या हातून त्याचं आयुष्य तर तुटलं नसेल? त्या दिवशी ते जेवले नाहीत. ते पुस्तक त्यांनी पेटीतून काढून चुलीजवळच्या फळीवर, घरातल्या माणसांच्या वस्तूंमध्ये ठेवलं. पुढे दर दसऱ्याला आपट्याचं पान आधी त्याच्यावर. "जिता राह्य रे बाबा," म्हणत. ही धास्ती त्यांना शेवटपर्यंत होती.

परवा सर्वपित्रीला मुद्दाम गेलो. बाईंनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, पत्रावळी मांडल्या, मी नावं वाचली. भाऊंचं नाव ओठावर आलं, पण त्यांचं पान कुठेच नव्हतं. मी बाईंकडे पाहिलं.

"वरीस नाई झालं अजून, मास्तर. वर्षश्राद्ध झाल्याबिगर पितरात कसे मिळवू त्यायले?"

त्यांनी फळीकडे बोट केलं. त्या कैद्याच्या पुस्तकाला टेकून भाऊंचं स्वतःचं फौजेचं पुस्तक उभं होतं.

"दसऱ्याले येजा," बाई म्हणाल्या. "दोन पानं आणजा."