नोरीनच्या कौलांचा नव्वदावा दिवस

हायरम टिलरी गेला आणि बारा दिवसांत त्याच्या बायकोच्या, ओपलच्या घरी एकोणीस भांडी जमली. आमच्या हार्लन स्प्रिंग्जमध्ये कुणी गेलं की शेजारणी ओव्हनमधलं गरम जेवण घेऊन पोचतात, आणि भांड्याच्या बुडाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावायला मुळीच विसरत नाहीत. दुःख दुसऱ्याचं, भांडं आपलं! एकोणिसांपैकी अकरांत चीज घातलेली मॅकरोनी. हायरमला चीज बघवत नसे, पण आता त्याला विचारतंय कोण?

ओपल जेवायची, चव कळायची नाही. रडूही येत नव्हतं, त्यावरून गल्लीत दोघी-तिघींनी नाकं मुरडलीच. ती नुसती भांडी घासत बसायची. घासलेलं पुन्हा घासायची.

गुरुवारी सगळी भांडी गाडीत भरून ती आधी वखारीत गेली. कौलं, फळ्या, सिमेंट विकायची ही वखार नवरा-बायकोची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्याच तारखेला, दहा सप्टेंबरला, हायरमने पेन्सिलीने गोल केला होता. शेजारी लिहिलेलं, 'नोरीन. नव्वद.'

नोरीन प्रुइटच्या छपरासाठी कौलं उचलली होती कंत्राटदार ट्रॅव्हिस गँटने. नोरीनने त्याला पैसे दिले, त्याने वखारीला दिले नाहीत आणि फोन बंद करून बसला. अकरा हजार चारशे डॉलर. शेवटचा माल पोचल्यापासून नव्वद दिवसांत वखारवाल्याने त्या घरावर बोजा चढवला, तर पैशांची काही आशा. एक दिवस उशीर झाला की घरावरचा हक्क गेला. आणि घर गँटचं नव्हे, नोरीनचं.

"एवढी घाई कशाला, ओपलबाई?" वखारीतला जुना माणूस डेल्मर म्हणाला. "फुटक्या कौलांच्या बदली ऑगस्टात चार नवी दिली ना तिला? तिथून मोजा की! नोव्हेंबरपर्यंत निवांत."

"बदली दिलेला माल धरत नाहीत. हायरमने बारा जूनपासून मोजलंय."

"मग संपलं. तो होता तेव्हा कधी जिंकलो नाही त्याच्याशी, आता काय जिंकतोय!"

कागद हायरमने तयारच ठेवला होता. ओपलने नोटरीसमोर सही केली आणि कोर्टाकडे निघाली. वाटेत नोरीनचं घर लागलं. नवी लाल कौलं उन्हात चमकत होती. गाडी जरा मंदावली, थांबली नाही. नोंदणीची खिडकी साडेचारला बंद होते. चार वाजून दहा मिनिटांनी कागदावर शिक्का पडला. तिला हलकंही वाटलं नाही, जडही नाही.

मग ती परत फिरली आणि नोरीनचं भांडं घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"अगं, ये ना आत! थंड चहा केलाय."

"नको. नोरीन, मी आत्ता तुझ्या घरावर बोजा चढवून आले. कौलांचा."

नोरीनचं हसू पुसायचं राहून गेलं. "मी गँटला सगळे पैसे मोजलेत!"

"माहीत आहे."

"मग बस की त्याच्या मानगुटीवर!"

"तो सापडत नाही. तुझं घर सापडतं. हायरमने तुला वसंतातच पत्र पाठवलं होतं, पोचपावती घेऊन. गँटने आमचे पैसे दिले नाहीत तर बोजा घरावर येईल म्हणून."

"त्यात तर लिहिलं होतं, ही तुमच्याविरुद्ध तक्रार नाही म्हणून! मी ड्रॉवरमध्ये टाकलं."

"सगळेच टाकतात."

"तुझ्यासाठी पहाटे उठून मॅकरोनी केली मी, ओपल."

"छान झाली होती."

नोरीनने भांडं ओढून घेतलं, उजेडात धरलं. "कडेची फुलं घासून घालवलीस! माझ्या आईचं होतं हे."

ओपलने मान हलवली. दार बंद झालं.

मागच्या सीटवर अठरा भांडी उरली होती. वरचं उलटं करून तिने चिकटपट्टीवरचं नाव वाचलं आणि गाडी सुरू केली.