वकिलाच्या उंबऱ्यावर बसलेली आत्याबाई

वकिलाला शिक्षा झाल्याची बातमी पालेगावात आली तेव्हा मी चुलीवर तांदूळ वैरत होते. शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, "गेला बाय तो आत!" मला इतका आनंद झाला की सूप तिथंच टाकून मी अंगणात आले. आणि अंगणात येईपर्यंत पुन्हा संताप चढला. आत गेला म्हणजे काय मोठं झालं? तिथं त्याला बसून दोन वेळ खायला मिळणार होतं. आमचं गेलेलं कोण आणून देणार होतं?

तो कोणी परका ठग असता तर एवढं लागलं नसतं. दर सोमवारी तो शिवमंदिराच्या आवारात येऊन बसायचा. काळा कोट घडी करून मांडीवर, कपाळाला भस्म, आवाज इतका मऊ की आपलीच लाज वाटावी. पालेगावचे शेतकरी जायचे, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातले सिंधी जायचे. आधी महादेवाचं दर्शन, मग वकिलाच्या हातात नारळ आणि नारळाबरोबर कागद. त्या कागदांची पोच कोणीही मागितली नाही. देवासमोर दिलेल्या वस्तूची पोच मागायची म्हणजे देवावरच संशय घेतल्यासारखं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आमचं हे धरून चालणं त्याने बरोबर हेरलं. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या भरपाईचे शेतकऱ्यांचे पैसे त्याने उचलले, सिंध्यांना फाळणीत मागे टाकलेल्या घरांबद्दल सरकारकडून मिळायचे तेही उचलले, आणि वर वर्षभर सगळ्यांना "पुढच्या सोमवारी" म्हणत राहिला.

आमचे पैसे नव्हते त्यात. आमच्या पावत्या होत्या. नदीकडच्या भातजमिनीत माझ्या सासऱ्यांची हयात गेली, त्यांच्यामागे सासूने ती एकटीने कसली. पण जमीन मालकाची. नवा कूळकायदा आला आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन होणार असं ठरलं. फक्त आपण कसतो हे दाखवायला हवं होतं. मालकाकडे खंडाचं भात पोचवलं की तो दर वर्षी एक चिठोरं द्यायचा, तेवढाच आमचा पुरावा. माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायचे, ती चिठोरी सासऱ्यांच्या धोतराच्या फडक्यात बांधून भाताच्या कणगीत तळाशी ठेवायची. अक्षरशत्रू बाई, पण कितव्या वर्षाची पावती कुठली हे तिला हाताला कळायचं.

मी सातवी पास. गावात सातवी झालेली सून म्हणजे काय तोरा असतो, तो माझा मी जाणते. "उंदीर खातील कणगीत. वकिलाकडे द्या, तो शिकलेला माणूस आहे," असं मी महिनाभर तिच्या कानाशी लावलं. शेवटी तिने दिल्या. तेव्हा वकील कोण, हे गावात मलाच जास्त कळत होतं ना!

शिक्षेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं वकिलाच्या कचेरीवर निघाली. मंदिराच्या रस्त्याला एक कौलारू खोली, दाराला कुलूप. त्याची बायकामुलं केव्हाच कुठेतरी गेली होती. रस्ता माणसांनी भरला होता, पोरं दगड वेचत होती. घासलेटची बाटली माझ्या पिशवीत होती, हे लपवत नाही. मला चौथा महिना चालू होता, घरात माझ्या उलट्यांनी सगळे हैराण, पण त्या दिवशी पायात कुठलं बळ आलं होतं कोण जाणे. ती खोली पेटलेली बघितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नव्हतं.

पुढे जाऊन बघते तर उंबऱ्यावर आत्याबाई! सकाळी काकड्या विकायला म्हणून निघालेली, रिकामी पाटी शेजारी ठेवून दाराला पाठ लावून बसलेली.

"आत्याबाई, उठा तिथून," मी म्हटलं.

"बसलंय मी," ती म्हणाली.

तेवढ्यात चार नंबरचा काचवाला पुढे झाला. हा सिंधी गृहस्थ कंदिलाच्या काचा विकायचा. काचा भरायला पेंढा लागतो म्हणून दर वर्षी कापणी झाली की आमच्या शेतावर यायचा आणि आत्याबाईशी भाऱ्याभाऱ्यावरून तास तास भांडायचा. त्या दिवशी सगळ्यांत तापलेला तोच होता. डबाभर घासलेट त्याने आणलं होतं, माझी बाटली त्यापुढे काहीच नाही.

"माई, हट जाओ. तुम्हारा भी तो खाया है उसने."

"खाल्लान ना," ती म्हणाली. "जालाचं त जाला. पन माझ्या पावत्या आत हायेत. त्या पयल्या काढा, मंग खुशाल जाला."

"चोराच्या घरात आता काय असणार माई?"

"तुझा कागद कुठं हाय?"

"कसला कागद?"

"तुझ्या मुलखातल्या घराचा कागद. तू मना सांगितलेलास, बायकोच्या ओढणीत बांधून आणलास म्हनून. कुठं हाय तो?"

त्याने दाराकडे बघितलं, हातातल्या डब्याकडे बघितलं. तो कागद वकिलाकडेच होता. त्याच्या त्या घरात आता दुसरं कोणी राहत होतं, घर होतं याची दुनियेत एवढी एकच खूण होती, आणि ती तो स्वतःच्या हाताने जाळायला आला होता. डबा त्याने खाली ठेवला आणि तिथंच रस्त्यात उकिडवा बसला. मग आत्याबाईने एकेकाला बोट दाखवून विचारायला सुरुवात केली. तुझा कुठं हाय? तुझा रं? ज्याला विचारलं त्याचा चेहरा उतरत गेला. मागचे अजून ओरडत होते, पुढचे त्यांनाच गप्प करायला लागले. माझी पिशवी मी पदराखाली घेतली. माझ्या सातवीत हे कुठेच शिकवलं नव्हतं, आणि मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की रागावणं मी विसरूनच गेले.

दोघेजण जाऊन पोलिसांना घेऊन आले. दोन दिवसांनी पंचांसमोर कुलूप निघालं. आतमध्ये कागदांचा नुसता ढीग, कुठलाही कुणातही. कागदांवरचे अंगठे सगळे सारखेच दिसत होते. पण कागद ज्या फडक्यांत आले होते त्यातच अजून होते, आणि लोकांनी ती फडकी ओळखली. लुगड्याचे तुकडे, टॉवेल, उशीचे अभ्रे. काचवाल्याची ओढणी निघाली तेव्हा त्याने ती आधी तोंडावर धरली, कागद नंतर उघडला. हे सगळं चाललं असताना आत्याबाई भिंतीला टेकून बघत होती आणि ज्याचं त्याला मिळालं की मान हलवत होती.

सासऱ्यांच्या धोतराचं फडकं निघालं नाही. शेवटचा कागद उचलला गेला, खोली झाडून झाली, तरी नाही. मी रस्त्यावरच रडायला लागले. "मीच तुमच्या मागे लागले," म्हणाले. ती म्हणाली, "चल आता, म्हशीची येल झाली."

जमिनीची सुनावणी कल्याणला मामलेदार कचेरीत लागली तोवर माझी मुलगी रांगायला लागली होती. मालकाचा वकील एकच गोष्ट परत परत विचारत होता, पावत्या कुठे आहेत? गावातलं कोणी मालकाविरुद्ध तोंड उघडेना. मला वाटलं, संपलं. आणि दारातून काचवाला आत आला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, "साहेब, दर साल मी यांच्याच शेतातून पेंढा घेतो. या बाईशिवाय त्या जमिनीत मी दुसऱ्या कोणाला कधी बघितला नाही. माझ्याशी भांडायला पण हीच असते." कचेरीत सगळे हसले, मामलेदारसुद्धा.

मग मामलेदाराने ठाण्याहून मागवलेला एक कागद पुढे ओढला. आत गेलेल्या वकिलाच्या खटल्यात ठाण्याच्या कोर्टात आत्याबाईने दिलेल्या जबानीची ती नक्कल होती. त्या वेळी ती एकटीच ठाण्याला गेली होती, कारण मी उलट्यांनी अंथरुणात होते. मामलेदार मोठ्याने वाचत गेला: वकिलाच्या कारकुनाने मला सांगितले की माझ्या पावत्या वकिलाने जमीनमालकास विकल्या, व मालकाने त्या कारकुनाच्या देखत जाळल्या असेही तो म्हणाला. कारकुनाचीही तीच साक्ष होती. मालकाचा वकील खाली बसला. जमीन आत्याबाईच्या नावावर लागली.

मला मात्र त्यातलं निम्मं ऐकूच आलं नाही. मी महिने मोजत होते. ही जबानी शिक्षेच्या आधीची. म्हणजे ती उंबऱ्यावर बसली त्या दिवशी त्या खोलीत तिचं काहीसुद्धा नव्हतं, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

कचेरीच्या बाहेर आल्यावर मी तिला थांबवलं. "माझ्या पावत्या आत हायेत असं का सांगितलंत त्या दिवशी?"

"माझा काय नाय आत, असं बोललं असतं त मना उचलून बाजूला ठेवली असती," ती म्हणाली. "मंग त्या लोकांचा सगला जलला असता."

"आणि मला? मला तरी सांगायचं होतं. मी वर्षभर जीवाला लावून घेतलं, सापडतील, सापडतील म्हणून."

तिने माझ्या कडेवरची मुलगी स्वतःकडे घेतली, तिचं नाक पदराने पुसलं.

"सांगितलं असतं त तुज्या घशाखाली घास उतरला नसता," ती म्हणाली. "आनी तवा ही पोटात व्हती."