ओव्हिलाची डावी बाजू

आमच्या चांदीच्या खाणीच्या गावात ओव्हिला थिबो आला तो गोल राखायला, पगारावर. पैसे घेऊन बर्फावरची हॉकी खेळणं तेव्हा नवीनच होतं, म्हणून गाव त्याच्याकडे मजुरीवर ठेवलेल्या गड्यासारखं बघायचं. पायांना पॅड, तोंडावर काही नाही. गोलरक्षकानं उभ्यानंच ती रबरी चकती अडवायची, चेंडू नव्हताच. बर्फावर लोळला तर पंच बाहेर बसवायचा.

मी बचावाला त्याच्या पुढ्यात खेळायचो आणि मिसेस टॅगर्टच्या खानावळीत त्याच्याच खोलीत राहायचो.

जानेवारीत तलावापलीकडच्या गावाशी सामना झाला. त्यांच्याकडून ओव्हिलाचा धाकटा भाऊ एमेदे खेळत होता. त्यानं तीन गोल केले, तिन्ही ओव्हिलाच्या डाव्या अंगानं, तिन्ही साधे.

"भावाला आहेर केलास वाटतं?" कप्तान रेनी बूट काढता काढता म्हणाला.

"तो चांगला मारतो."

"आणि तू चांगला सोडतोस."

आदल्या संध्याकाळी दोघं भाऊ चिनी माणसाच्या हॉटेलात एका टेबलावर बसले होते, ही बातमी न्हाव्यानं फिरवली. बोलले फ्रेंचमध्ये, म्हणजे काळंबेरं असणारच. मिसेस टॅगर्टनं त्याला शिजवलेल्या घेवड्याचं दुसरं वाढप बंद केलं. रेनी मला म्हणाला, "नजर ठेव त्याच्यावर."

मी ठेवली. जेवताना तो नेहमी डावीकडे भिंत येईल अशीच खुर्ची धरायचा. कुणी डावीकडून बोललं तर अख्खी मान वळवायचा. एका सकाळी तो बुटाच्या नाड्या बांधत असताना मी चहाचा मग गुपचूप त्याच्या डाव्या गालाशी नेला. त्याचं लक्षच नाही. वाफ लागली तेव्हा दचकला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"लहानपणी चकतीऐवजी गोठलेल्या शेणाच्या गोळ्यानं खेळायचो. एमेदेनं मारला तो डाव्या डोळ्यावर बसला."

"म्हणजे त्याला ठाऊक आहे."

"त्याला आणि आईला. हॉटेलात त्याला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. नुसता हसला." त्यानं नाडी करकचून ओढली. "रेनीला कळलं तर मी परत लाकूडतोडीच्या तळावर."

मी रेनीला एवढंच म्हणालो, की यापुढे मी डावीकडे खेळतो.

"तूही त्यातलाच का रे?" तो म्हणाला.

परतीच्या सामन्यात मी डावी बाजू सोडली नाही. तरी एमेदे दोनदा मला चकवून गेला. डावीकडे जाळं सताड उघडं होतं. दोन्ही वेळा त्यानं उजवीकडे मारलं, थेट पॅडवर. आम्ही जिंकलो.

"पहिला त्यांचा, दुसरा आपला," रेनी म्हणाला. "भाऊ भाऊ वाटून खातात."

मार्चमध्ये आमच्या संघानं ओव्हिलाला काढलं. मी त्याला स्टेशनवर पोहोचवायला गेलो.

"एमेदेनं उजवीकडे का मारलं, विचारलंस?"

"नाही. कीव केली म्हणाला तर? किंवा कुणी तसं मारायला सांगितलं होतं म्हणाला तर?"

पश्चिमेकडच्या गव्हाच्या मुलखात तो आणखी दोन हिवाळे खेळला, तेही उत्तम. मग तिथंच घोड्यांचा तबेला चालवू लागला. त्याच्या लग्नाला मी गेलो होतो. एमेदेला बोलावणं नव्हतं.