बस वळायची जागा

अन्याय झाला तो खाडीकाठच्या एका गावात सुकी मासळी विकणाऱ्या काकींवर, आणि त्या गावात येणाऱ्या एकुलत्या एका बसच्या ड्रायव्हरवर. कधी? यंदाच्या मार्गशीर्षातल्या पहिल्या शनिवारी, उजाडता उजाडता, बसची पहिली फेरी गावात शिरली तेव्हा. कुणी केला? आम्ही. पत्रकं वाटणाऱ्या पोरांनी. कुणावर, कधी, कुणी हे पत्रकात पहिल्यांदा लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. बाकीचं सांगते. गावाचं नाव देत नाही, तेवढी तरी लाज शिल्लक आहे.

आधी बसचं. घणसोलीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला हे गाव. टॉवर सगळ्या बाजूंनी आले, गाव मधे दबून राहिलं. टॉवरच्या गेटसमोर बसथांबा, गावातल्या माणसाने मात्र नाक्यापर्यंत चालायचं. आम्ही वर्षभर बोंबललो की बस गावात आणा. आमच्या पहिल्या कोपरा सभेत काकी उठून उभ्या राहिल्या होत्या. पदर खोचलेला, आवाज भांडायला बसलेल्यासारखा.

"रिक्षावाला माझी पाटी बघतो नि गियर टाकतो. बोलतो, वास जात नाय दिवसभर. मी काय डोक्यावर घेऊन जाऊ मार्केटापर्यंत? माझा गुडघा तुमी देनार का दुसरा?"

सगळे हसले. मी ते वाक्य जसंच्या तसं पत्रकावर छापलं. काकींच्या गुडघ्यावर आमची मोहीम उभी राहिली, असं म्हटलं तरी चालेल. आणि बस आली. चाचणी म्हणून, थोडे दिवस, प्रवासी मिळतात का बघू, या बोलीवर. काकी मागच्या दाराने पाटी आत ढकलायच्या, वर चढायच्या, आणि ड्रायव्हर आरशात बघून म्हणायचा, "बसलात का काकी? निघू का?" हे आम्ही मोबाइलवर टिपलं होतं. खूप लोकांनी पाहिलं.

आता आमचं. आमच्यातल्या एकाचा मामा जुन्या टेम्पो ट्रॅव्हलर कापून त्यांच्या मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशा गाड्या, बनवतो नि भाड्याने देतो. एक गाडी रिकामी होती. तो मित्र म्हणाला, गावातच जाऊन राहू, तिथून घणसोली गावठाण, शिरवणे, सगळीकडे फिरू, तिथल्या लोकांना सांगू की बघा, या गावाला मिळाली, तुम्हीही मागा. मला कल्पना भयंकर आवडली. लोकांत राहायचं! माझे वडील साताऱ्याकडचे, जन्मभर मार्केटात माथाडी. त्यामुळे आपल्या हातून गरिबाचं काही वाईट होणंच शक्य नाही, असं मी धरून चालायचे. वडिलांची पाठ मी अशी किती ठिकाणी वापरली आहे, देव जाणे.

शुक्रवारी दिवेलागणीला पोहोचलो. मित्र गाडी चालवत होता, मी पुढे बसून गल्ली दाखवत होते, आणि आमची कॅमेरावाली मैत्रीण मागे पलंगावर उताणी. गल्ली अशी की आरसे मिटून घ्यावे लागले. एका ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, "हळू रे, घर घेऊन जाशील आमचं!" शेवटी गाव संपतं तिथे, खाडीकडे, भलीमोठी मोकळी जागा. सपाट, झाडून काढलेली. एकही गाडी लावलेली नाही.

मित्र म्हणाला, "नशीब बघ."

गावठाणात जिथे बाइकवर बाइक चढवून लावतात, तिथे एवढी जागा रिकामी का, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही. जमिनीवर चुन्याने ओढलेला मोठा अर्धगोल होता. तो मी पाहिला. पाहिला आणि म्हटलं, "इथे क्रिकेट खेळतात वाटतं."

बरोब्बर त्या अर्धगोलाच्या पोटात आम्ही घर मांडलं. चाकांखाली फळ्या सरकवल्या, बाजूची कनात ओढली, खुर्च्या काढल्या, सिंकचा पाइप बाहेर सोडला.

मोटरहोममध्ये राहणं म्हणजे सारखं फिरणं असं लोकांना वाटतं. खोटं आहे. एकदा मुक्काम पडला की ते धूड हलत नाही. दूध आणायला गाडी काढायची तर आधी भांडी बांधा, पलंग उचला, कनात गुंडाळा, फळ्या काढा, आणि मग त्या गल्लीतून पुन्हा आरसे मिटून जा. कोण करतो? घर एका जागी ठेवायचं आणि फिरायचं दुसऱ्यांच्या चाकांवर, पायी, शेअर रिक्षाने, बसने. आम्हाला तर याचा अभिमानच होता. आम्ही आमच्याच बसने फिरणार होतो.

शनिवारी पहाटे हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग माणसांचे आवाज, "येऊ दे, येऊ दे, बस बस बस, राइट मार!" मी कूस बदलली. कॅमेरावाली उशीत तोंड खुपसून म्हणाली, "काय गाव आहे, झोपू पण देत नाहीत."

ती बस होती. आमची बस. तिला वळता येत नव्हतं, म्हणून ड्रायव्हर ती आख्खी गल्लीभर उलटी नेत होता, आणि गावातले पुरुष दोन्ही बाजूंना भिंतींना पाठ लावून तिला बाहेर काढत होते. हे मला सोमवारी कळलं.

शनिवारी आम्ही आरामात उठलो आणि चालत नाक्यावर गेलो. बस नाक्यावरच उभी, रिकामी. आम्ही खूश. कॅमेरावालीने चढताना व्हिडिओ काढला. मी ड्रायव्हरला विचारलं, "दादा, आत नाही आलात?"

"वळायला जागा नाय मॅडम."

"मागच्या आठवड्यात होती. आज कुठे गेली?"

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "ते गावात विचारा."

गाडी आमची आहे हे त्याला माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मला त्याचा राग आला. मनात आलं, झाला, हा पण झाला साहेब. आत यायचा कंटाळा आणि खापर गावावर.

संध्याकाळी काकी आल्या. हातात डबा, त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी. आम्ही त्यांना हाताला धरून गाडीत चढवलं, पलंगावर बसवलं, सिंक दाखवला, दिवे लावून दाखवले. कॅमेरावाली समोर मोबाइल धरून, "काकी, कसं वाटलं आमचं घर?"

"बरा हाय. जेवन बनवता, आंघोल पन आतच?" काकींनी खिडकीतून बाहेर चाकांकडे पाहिलं. "बाय, ही गारी कवा जानार?"

"आहोत की सोमवारपर्यंत! कंटाळलात का आम्हाला?"

"नाय गो. तुमाना कोन कंटालंल." मग पुन्हा, "सोमवारी नक्की ना?"

आम्ही हसलो. मित्र म्हणाला, "काकींना आपल्याशिवाय करमणार नाही बघ." चटणी चाटूनपुसून खाल्ली आणि डबा नुसत्या पाण्याने विसळून परत दिला.

मार्गशीर्षात गुरुवारी सुकी मासळीही कुणी हातात धरत नाही, त्यामुळे रविवार काकींचा मोठा. हे मला माहीत होतं. माझ्याच पत्रकात होतं. रविवारी सकाळी आम्हाला शिरवण्याला जायचं होतं, उशीर झाला होता, म्हणून मित्राने नाक्यावरून एक रिक्षा गावातच बोलावली. गल्लीतून बाहेर पडलो, रस्त्याला लागलो, आणि पुढे काकी चालताना दिसल्या. डोक्यावर पाटी, एक हात पाटीला, दुसरा गुडघ्याला. दोन पावलं टाकायच्या, थांबायच्या.

मी ओरडले, "दादा, थांबवा! काकी, या ना, बसा!"

रिक्षावाल्याने थांबवलं, पण मान हलवली. "पाटी नाय घेनार. सुक्याचा वास आठ दिवस सीटला राहतो."

मी त्याला फैलावर घेतलं. माणुसकी, हक्क, परवाना, सगळं काढलं. पत्रकाची दोन्ही पानं त्याला तोंडी ऐकवली. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "ताई, तुमी उतरून काकींना बसवाल का? तरी मी पाटी घेनार नाय. बोला, जायचं का?"

काकीच म्हणाल्या, "जा बाय. तुमाना काम हाय."

आणि आम्ही गेलो. ही गोष्ट मी स्वतःलासुद्धा हळूच सांगते. आम्ही तिघं रिक्षात बसलेलो, त्या पायी, आणि आम्ही गेलो. उतरून पाटीला हात लावायचं डोक्यातच आलं नाही. डोक्यात काय आलं तर व्हिडिओ. नाक्यावर बस उभी दिसली, रिक्षा थांबवायला लावली, आणि मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. "म्हातारी बाई पाटी घेऊन चालतेय आणि बस इथे आराम करतेय! कुणाची ही मनमानी?" ड्रायव्हरच्या तोंडासमोर मोबाइल धरला. तो पुन्हा तेच म्हणाला, वळायला जागा द्या, येतो ना मी. कॅमेरावालीने ते वाक्य कापलं. लांबत होतं, म्हणाली. मीही म्हटलं, काप.

शिरवण्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठे गेला होता.

सोमवारी सकाळी बस नाक्यावरही नव्हती. आम्हाला वाटलं, घाबरले! आम्ही विजयी मुद्रेने आवराआवर केली, कनात गुंडाळली, फळ्या काढल्या, आणि मित्राने गाडी जरा पुढे घेतली. गाडी हलली तशा शेजारच्या घरातून दोघी बायका खराटा घेऊन बाहेर आल्या, त्यांच्या मागे काकी, हातात चुन्याची बादली. आमच्या सिंकच्या पाण्याने अर्धगोलाचा एक तुकडा धुऊन गेला होता. तिथली जागा झाडून काकी खाली बसल्या, दुखरा पाय लांब करून, आणि पुसलेली रेघ पुन्हा ओढायला लागल्या.

मी विचारलं, "काकी, हे काय?"

"बस वलायची जागा." मान वर न करता. "आमचे पोरांनी बाइकी उचलल्या इथनं. मी जवला सुकवायची इथं, तो पन उचलला. बस आत येवाची म्हनून."

माझ्या तोंडून निघालं ते असलं, "मग आम्हाला सांगायचं ना!"

खराटेवाली हसली. चांगलं नव्हतं ते हसू. काकी मात्र हसल्या नाहीत. "विचारला ना मी, गारी कवा जानार? दोनदा विचारला. आजून कसा बोलू? बस तुमीच आनली. तुमाना कोन बोलनार?"

नाक्यावरचा तो व्हिडिओ आम्ही त्याच दिवशी काढून टाकला. पण काढून टाकलेला व्हिडिओ लोकांच्या फोनमधून जात नाही. ड्रायव्हरला दुसऱ्या मार्गावर टाकलं होतं, फेरी तूर्त बंद केली होती. गावातून प्रवासी नाहीत, आणि वर तक्रारी, असं आम्हाला बस डेपोत सांगण्यात आलं. मी ड्रायव्हरला शोधत त्याच्या नव्या थांब्यावर गेले. त्याने मला पाहिलं आणि माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकली.

"आज कुठली गाडी घेऊन आलात?"

"चालत आले."

"मग बरंय. चालणारं मानूस रस्ता अडवत नाय." मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "माझं राहू द्या मॅडम. मला काय, इथे पन स्टेअरिंगच हाय. काकींचं बघा." आणि घंटी झाली, तो बस घेऊन गेला.

काकींचं बघते आहे. डेपोत खेटे घालून एवढं मिळवलंय की जागा मोकळी असेल तर फेरी पुन्हा सुरू करायचा विचार करतील. साहेब बघायला येणार आहेत, कधी ते सांगत नाहीत. आणि जागा मोकळी नाही. आमची गाडी तिथे राहिलेली लोकांनी पाहिली, आमच्याच व्हिडिओत पाहिली, खाडीचा वारा, कनात, खुर्च्या. बस बंद म्हटल्यावर पलीकडच्या सोसायटीतली एक गाडी येऊन लागली. मग दुसरी. गावातल्या पोरांनी हटकलं तर उत्तर मिळालं, "त्या मोटरहोमवाल्यांना चाललं, आम्हाला का नाही?" परवा तिथे सहलीला आलेली एक मिनीबस होती, चूल मांडलेली. काकी अजूनही चुना ओढतात, टायरांच्या मधून, जेवढा हात पोहोचतो तेवढा. आणि रविवारी पाटी डोक्यावर घेऊन चालत नाक्यावर जातात. आता मी बरोबर असते, पाटीची एक बाजू धरून. त्याने त्यांचा गुडघा बरा होत नाही, आणि माझीही लाज कमी होत नाही.

म्हणून हे तुम्हाला, त्या जागेत गाडी लावणाऱ्यांना, लिहिलं. तुम्ही चांगली माणसं आहात, आम्हीही होतो. खाडीकाठी मोकळी जागा दिसली, गाडी लावली, एवढंच तुमचंही झालं असेल. माफी नको, देणगी नको, व्हिडिओ तर नकोच. गाडीची किल्ली घ्या आणि खाली उतरा. चाकांखाली चुन्याची रेघ दिसते का बघा. दिसली तर गाडी काढा. साहेब कधी येतील सांगता येत नाही. आत्ता काढा.