पहिल्या झटक्याचे तीळ

"या मोसमात काहीतरी दाखवा, नाहीतर तुमचा तिळाच्या प्रयोगाचा तुकडा मोडतो," असं केंद्राच्या साहेबांनी सुनावलं आणि मी कुंभकोणमचं तिकीट काढलं. खानदेशातल्या आमच्या पीक-पैदास केंद्रावर चार वर्षं मी एकाच खुळापायी झिजत होतो: पिकल्यावर बोंड उकलून दाणे मातीत सांडणार नाहीत, असा तीळ काढायचा. पण माझी झाडं सगळी एका साच्यातली. निवडायला फरक तर हवा! कावेरीकाठी भातामागून पेरतात तो तीळ नाना तऱ्हेचा असतो, असं कानावर आलं होतं.

जाणार असाल तर वैशाख टाळा, अंग भाजून निघतं. मला मात्र काढणी गाठायची होती. स्टेशनाबाहेर पितळी पेल्यातली काफी प्या, मगच पुढचं बोला. तिथून तिरुनीलक्कुडीची बस, चार आणे, कोंबड्यांसकट.

यजमान व्यंकटराव पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, पण मराठी. गड्यांवर तमिळमध्ये खेकसून माझ्याकडे वळले, "यावें, बसावें." माझ्या पणजोबांनी बोलावल्यासारखं वाटलं!

खळ्यावर बायका वाळल्या पेंढ्या उलट्या धरून झटकत होत्या. पांढरे, तांबडे, काळे दाणे; कुठे फांद्याच फांद्या, कुठे सरळसोट काठी. मी हरखलो.

"बियाणं कुठलं ठेवता?" मी विचारलं.

"पहिल्या झटक्यास पडतें तें. भरलें, टपोरें."

"आम्हीही तेच ठेवतो," मी ऐटीत म्हणालो.

सकाळी स्वयंपाकघरात राधावहिनी, म्हणजे व्यंकटरावांच्या पत्नी, झटकलेली काटकं चुलीत सारत करवादत होत्या. "मेलीं तीनदां झटकलीं, तरी दाणे सोडीत नाहींत! तडतडून अंगावर उडतात."

माझा घास हातातच राहिला. पहिल्या झटक्याला पडतात ते दाणे लवकर उकलणाऱ्या बोंडांचे. तेच आम्ही दरसाल पेरतो आणि दाणा धरून ठेवणारी झाडं जाळतो! चार वर्षं मी स्वतःच्या हातांनी नेमकं उलटं निवडत होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"वहिनी, थांबा! जाळू नका!"

"अगोबाई! मग रांधूं कशावर?"

व्यंकटरावांनी हसत नारळाच्या झावळ्या आणवल्या. मी दिवसभर सरपणावर बसून कच्ची बोंडं टाकून दिली, ती तर दाणे धरणारच; पिकलेली फोडली आणि प्रत्येक काटकाचे दाणे वेगळ्या पुडीत बांधले.

घरी येऊन एका पुडीची एक ओळ, असं पेरलं. भाद्रपदात बहुतेक ओळींनी नेहमीसारखीच माती केली आणि माझा धीर सुटत चालला. दोन ओळींत मात्र काही झाडं वेगळी निघाली: बोंडाचं तोंड उघडं, पण दाणे आत घट्ट. प्रवासातून माझ्याजवळ काय राहिलं विचाराल, तर एवढंच.

साहेब आले. मी खाली एक धुतलेलं धोतर पसरलं, त्या ओळींतलं वाळलेलं झाड उलटं धरून झटकलं. दोनच दाणे पडले.

"पुन्हा," साहेब म्हणाले.

पुन्हा झटकलं. काही पडलं नाही. त्यांनी झाड माझ्या हातातून घेतलं, स्वतः जोरात झटकलं आणि वाकून धोतरावरचे दाणे मोजले. अजून दोनच.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "सबंध तुकड्यात हाच पेरा."