उतरलेले गाल

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला ल्युपस झाला, शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार. नाशिकच्या कडेला आमचा गुलाबाचा मळा, आणि डॉक्टर म्हणाले, उन्हात जायचं नाही. वर स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी माझं तोंड भाकरीसारखं गोल झालं. "तब्येत मस्त सुधारली हो पोरीची," असं आजूबाजूच्या बायका म्हणायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दवाखान्यात दर महिन्याला लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याची मुलगी भेटायची. आजार तोच, गोळ्याही त्याच. पण तिची किडनी ठणठणीत, माझ्या किडनीला सूज. तिला डॉक्टर हसून सोडायचे आणि माझ्या आईला थांबवून सांगायचे, हिला जपा, हिला धोका जास्त आहे. मला ती मुलगी बघवायची नाही. एकाच आजारातसुद्धा चांगला वाटा तिलाच का म्हणून?

त्यात एका उन्हाळ्यात तिचे गाल उतरले. हनुवटी दिसायला लागली. लग्नही ठरलं. दवाखान्याच्या बाकावर माझ्या कानाशी लागून म्हणाली, "गोळ्या बंद केल्यात मी. घरी माहीत नाय. तू पण कर, लय छान दिसशील."

मीही गोळी जिभेखाली धरून मोरीत थुंकायला लागले. आईनं लगेच पकडलं. त्यानंतर ती समोर बसून गोळी गिळायला लावायची आणि तोंड उघडून बघायची. मी रोज भांडायचे. त्या मुलीला असली आई नव्हती, याचासुद्धा मला हेवा वाटायचा.

लग्नाला गेले. पिवळ्या शालूत ती अशी दिसत होती की मी भरलं ताट तसंच सोडून उठले. तो चेहरा आठवला की आजही पोटात जळतं.

दिवाळीनंतर कळलं, ती गेली. गोळ्या सोडल्यावर आजार उसळला आणि किडन्याच बसल्या. आधी माझ्या जायच्या होत्या त्या.

पुढे एकदा तिची आई दवाखान्यात भेटली. तिनं माझा सुजलेला गाल हातात धरला आणि बघतच राहिली. कधी माझ्याकडे, कधी माझ्या आईकडे. ती नजर मी ओळखली. तिच्या लेकीकडे मी तशीच बघायचे.

आईनं मला हाताला धरून उठवलं. घरी आल्यावर मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.