पांढरी ग्रेव्ही आणि माझ्या मोठ्या जाऊबाई

मैत्रिणींनो, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. मी नवी नवरी होऊन नागपूरला आले होते. नणंदेला पाहायला पाहुणे यायचे होते. मोठ्या जाऊबाईंनी मला काजू-कांद्याची पांढरी ग्रेव्ही शिकवली. "आच मोठी ठेव वं, अन् उकळत्यातच दही टाक."

ग्रेव्ही फाटली. सासूबाई पाहुण्यांसमोरच म्हणाल्या, "हिच्या हाताले गुणच नाही." त्यानंतर पाहुण्यांचा स्वयंपाक मी कधी केलाच नाही.

आज जाऊबाईंची मुलगी घरी आली. तिने आच अगदी बारीक करून घोटलेलं दही थोडं थोडं घातलं. ग्रेव्ही पांढरीशुभ्र झाली.

मी म्हटलं, "तुझ्या आईनं तर मले उलटंच सांगितलं होतं."

ती हसली. "मुद्दामच सांगितलं होतं म्हणे, काकू. नाही तर धाकटी डोक्यावर बसली असती!"

मीही हसले. त्या दिवशी मोरीत रडत होते, तेव्हा पदरानं माझे डोळे पुसणाऱ्याही जाऊबाईच होत्या. चाळीस वर्षं मी त्यांना मोठी बहीण मानलं.

रविवारी त्या जेवायला येणार आहेत. माझ्या जागी तुम्ही असतात, तर विचारलं असतं का?